अलिखित घटना आणि "एकदाच"

(बार्शीटाकळी येथे बौद्ध उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



गेल्या संविधान दिनी याच तालुक्यातील एका वस्तीत मला बोलावणे होते. राज्यघटनेवर चार शब्द सांगून मी खाली बसलो, तोच आठवी-नववीत शिकणारा एक मुलगा उठला. त्याने विचारले, "आमच्या पुस्तकात आहे की, इंग्लंडची राज्यघटना अलिखित आहे. लिहिलेलीच नाही, तर तिच्याप्रमाणे राज्य चालते कसे? आणि कोणी ती मोडली, तर मोडली हे ठरवायचे कोणी?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अन् आपल्या गावाची कुठी लिहेल होती, बापा? तरी चालेच ना!"

सभा हसली. मी मात्र विचारात पडलो. मुलाने जो प्रश्न पुस्तकातून विचारला, त्याचे उत्तर आजीने आपल्या आयुष्यातून दिले होते. त्या दोघांचे बोलणे एकत्र बांधून आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. आपण एक अलिखित राज्य मागे टाकून दीक्षा घेतली आहे. ज्या राज्यातून आपण बाहेर पडलो, त्याचे नियम कोठून आले होते आणि ते कशाच्या बळावर टिकले होते, हे नीट समजून घेतले नाही, तर तेच नियम दुसरे नाव घेऊन आपल्या नव्या घरात येऊन बसतील.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू.

इंग्लंडला राज्यघटना नाही, असे नव्हे. तिचा पुष्कळसा भाग लिहिलेलाही आहे; परंतु तो एका ग्रंथात बांधलेला नाही. एखाद्या घरात खरेदीखत एका पेटीत, कर्जाची पावती फडताळात आणि भावाभावांच्या वाटणीची बोली केवळ वडीलधाऱ्यांच्या तोंडात असावी, तसा तो प्रकार आहे. घर चालते, पण सगळे एके ठिकाणी दाखवा म्हटले, तर दाखविता येत नाही.

त्यातील पहिली पेटी पार्लमेंटच्या कायद्यांची आणि जुन्या सनदांची. १२१५ साली सरदारांनी राजाकडून एक सनद लिहून घेतली. १६८९ च्या हक्काच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसविण्यास राजाला मनाई झाली. दुसरी पेटी न्यायालयांच्या निवाड्यांची. राजाला केवळ जाहीरनामा काढून नवा गुन्हा निर्माण करता येणार नाही, असे तेथील न्यायाधीशांनी १६१० साली सांगितले, आणि ते आजही प्रमाण मानले जाते. या दोन्ही पेट्यांतील कागद वाचता येतात. फरक इतकाच की, त्या देशात या कागदांच्या वर बसणारा असा कोणताही श्रेष्ठ कायदा नाही. पार्लमेंट साध्या बहुमताने त्यांतील काहीही बदलू शकते.

तिसरी गोष्ट मात्र पेटीत नाही. ती तोंडात आहे, आणि खरे पाहता राज्याचा गाडा तीच हाकते. तिला संकेत म्हणतात. पार्लमेंटने संमत केलेल्या विधेयकाला राजाने मान्यता दिली पाहिजे, असे सांगणारे कलम कोठेही नाही. तरीही अशी मान्यता शेवटची नाकारली गेली ती १७०८ साली, राणी अ‍ॅनच्या कारकिर्दीत. पंतप्रधान लोकसभागृहाचाच सभासद असला पाहिजे, असेही कोठे लिहिलेले नाही. तरी १९०२ नंतर कोणत्याही पंतप्रधानाने सरदारांच्या सभागृहात बसून राज्यकारभार केलेला नाही. १९६३ साली एक सरदार त्या पदावर आले, तेव्हा त्यांनी आपली सरदारकी सोडली आणि पोटनिवडणूक लढवून ते खालच्या सभागृहात गेले. त्यांना तसे करण्यास कोणत्या न्यायालयाने भाग पाडले? कोणत्याही नाही. मग ते का गेले?

सर आयव्हर जेनिंग्ज या घटनापंडिताने अशा संकेताची ओळख पटविण्यासाठी तीन प्रश्न विचारावयास सांगितले. पहिला: पूर्वी असे घडल्याची उदाहरणे आहेत काय? दुसरा: ज्यांनी तसे केले, ते आपण बांधलेले आहोत असे मानून वागले काय? आणि तिसरा: या नियमामागे काही कारण आहे काय? सवय आणि संकेत यांतील भेद दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात आहे. मी रोज सकाळी चहा घेतो, ही माझी सवय. एके दिवशी न घेतल्यास कोणी जाब विचारणार नाही. पण जनतेने निवडलेल्या सभागृहाचा विश्वास गमावलेला पंतप्रधान खुर्चीला चिकटून बसला, तर सारा देश जाब विचारील; कारण त्या नियमामागे कारण आहे. राज्य लोकांचे आहे, हे ते कारण होय.

आता मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. असा संकेत मोडला तर काय होते? सरदारांच्या सभागृहाने पैशाच्या विधेयकाला आड येऊ नये, असा संकेत होता. १९०९ साली त्यांनी अंदाजपत्रक फेटाळून तो मोडला. १९१० या एका वर्षात दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, आणि १९११ साली कायदा करून सरदारांचा तो अधिकारच काढून घेण्यात आला. जे तोंडात होते ते मोडले, म्हणून ते कागदावर आणावे लागले. अगदी अलीकडे, २०१९ साली, तेथील पंतप्रधानांनी पार्लमेंटचे कामकाज पाच आठवडे स्थगित करविले. २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, पुरेसे कारण न देता पार्लमेंटचे काम बंद पाडण्याचा अधिकार सरकारला नाही. ती स्थगिती मुळातच झाली नाही. असे स्पष्ट कलम कोणत्याही कायद्यात नव्हते. न्यायालयाने कारणाकडे पाहिले आणि कारणातून नियम काढला.

इंग्लंड दूर आहे, असे आपण म्हणाल. तर आपल्या वऱ्हाडाजवळचेच उदाहरण घेऊ. नागपूर पूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. विदर्भ मुंबई राज्यात येणार, तर राजधानीचा मान गेलेल्या या भागाची दाद कोण घेणार, असा प्रश्न उभा राहिला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र येथील पुढाऱ्यांनी नागपूर करार केला. दरवर्षी विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन नागपुरास भरावे, खर्चाचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळावा, नोकऱ्यांत आणि शिक्षणात योग्य प्रमाण राखावे, अशी त्याची कलमे होती. हा करार कायदा नव्हे. तो पुढाऱ्यांनी पुढाऱ्यांना दिलेला शब्द होता. तरी १९६० पासून नागपुरास अधिवेशन भरत आले. बहुधा ते हिवाळ्यात भरते. २०१८ साली मात्र पावसाळी अधिवेशन नागपुरास झाले. म्हणजे संकेत हिवाळ्याचा नसून अधिवेशनाचा आहे, हेही त्या अपवादावरून कळले. २०२० आणि २०२१ साली अधिवेशन मुंबईतच झाले. तेव्हा विदर्भातून तक्रारीचा सूर उमटला. कलम नसताना लोक तक्रार कशाच्या आधारावर करतात? ते संकेताच्या आधारावर करतात. डिसेंबर २०२२ मध्ये अधिवेशन पुन्हा नागपुरास भरले.

आता दुसरी बाजू पहा. याच भागांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद १९५६ साली राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात केली गेली. ती छापील होती आणि देशाच्या सर्वश्रेष्ठ कायद्यात होती. ती मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली, म्हणजे अडतीस वर्षांनी. आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. बंधूंनो, यातून घ्यावयाचा बोध असा: नुसता शब्द दरवर्षी पाळला गेला, तर तो नियम होतो, आणि नुसता लेख कोणी हालविला नाही, तर तो अडतीस वर्षे निजून राहतो. लेखाचे महत्त्व मी मुळीच कमी करीत नाही. लेखाला हातपाय लागतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या या गावीच त्याची साक्ष आहे. येथील देवीच्या हेमाडपंती मंदिरात शके १०९८ चा लेख आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी तो दगडात कोरला गेला. तो वाचू शकणारी माणसे आपल्यापैकी किती? परंतु विहिरीच्या काठापासून किती अंतरावर उभे राहावे, पाटलापुढून जाताना पायातले कधी काढावे, मेलेले ढोर कोणी ओढावे आणि मयतीचा सांगावा घेऊन परगावी कोणी धावावे, हे कोणत्याही दगडावर कोरलेले नव्हते. तरी ते गावोगावच्या चार वर्षांच्या पोरालाही पाठ होते. आजी म्हणाली ती घटना हीच.

या गावघटनेला जेनिंग्जचे तीन प्रश्न विचारून पहा. पूर्वीची उदाहरणे आहेत काय? आहेत, बापाने केले, आज्याने केले. करणारा स्वतःला बांधलेला मानीत होता काय? होय, मानीत होता. न मानल्यास बलुते बंद, मजुरी बंद, दुकानचे मीठमिरची बंद, हे त्याला ठाऊक होते. आणि तिसरा प्रश्न: कारण काय? येथे मात्र सारे गप्प. "असेच चालत आले आहे," याखेरीज उत्तर नाही. इंग्लंडच्या राजाला बांधणारा संकेत बलवानाला बांधतो. गावचा संकेत दुबळ्याला बांधीत होता. तेथे संकेत मोडणाऱ्या बलवानाला लोक जाब विचारतात. येथे संकेत मोडणाऱ्या दुबळ्यावर बहिष्कार पडत होता. अलिखित नियम चांगला की वाईट, या वादात शिरण्यापूर्वी, तो कोणाला बांधतो आणि त्याचा अर्थ कोण लावतो, हे प्रथम विचारले पाहिजे.

"चालत आले आहे," या उत्तराची परीक्षा एकदा न्यायालयातही झाली आहे. ती कथा आपण सर्वजण जाणता. परंतु आपण तिचा पूर्वार्ध सांगतो आणि उत्तरार्ध विसरतो.

१९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद तयार झाला. तळ्याचे पाणी मात्र होते तेथेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या हजारो बांधवांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाला पाय फुटले. हा झाला पूर्वार्ध.

पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? त्यांनी कोणत्याही कायद्याचे कलम दाखविले नाही. अस्पृश्यांनी या तळ्यावर येऊ नये अशी अनादि कालापासूनची रूढी आहे, असे ते म्हणाले. दहा वर्षे हा वाद चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की, तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि वादींना अनादि रूढी सिद्ध करता आलेली नाही. रूढीचा दावा करणाऱ्याने ती कधीपासून आहे हे दाखविले पाहिजे. लोक ती मानतात, एवढे दाखवून भागत नाही. ज्या गोष्टीला सारा मुलूख अनादि म्हणत होता, तिचा अनादिपणा न्यायालयाच्या चौकटीत उभा राहू शकला नाही.

परंतु येथे एक बारकावा आहे, आणि तो मी मुद्दाम आपल्यापुढे ठेवतो. न्यायालयाने ही रूढी अन्यायाची आहे म्हणून फेटाळली नाही. ती सिद्ध झाली नाही म्हणून फेटाळली. ती सिद्ध झाली असती, तर ती न्यायाला धरून आहे की नाही याचा विचार करण्याची वेळ आली असती, असे न्यायमूर्तींनी सुचविले. म्हणजे वादींना एखादा जुना पुरावा गवसता, तर पुढचा निकाल काय लागता कोण जाणे! आपले पाणी पुराव्याच्या एका धाग्यावर लोंबकळत होते.

हा धागा तोडण्याचे काम लिखित राज्यघटनेने केले. तिच्या १३ व्या कलमात "कायदा" या शब्दाच्या अर्थात रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश आहे, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा रद्द ठरतो. १५ व्या कलमाने विहिरी, तळी, घाट सर्वांना खुले केले. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. आज कोणी पाच हजार वर्षांची रूढी सिद्ध केली, तरी तिला बळ नाही. ती किती जुनी आहे हा प्रश्नच आता उरलेला नाही. ती समतेशी जुळते काय, एवढेच पाहावयाचे. दुबळ्याला लेख का हवा असतो, ते यावरून समजेल. बलवानाचे अलिखित नियमावर भागते. कारण अर्थ लावणारा तोच असतो. दुबळ्याला मात्र बोट ठेवण्यासाठी एक ओळ लागते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांवर आक्षेप होता की, घटनेत कारभाराचे इतके तपशील कशाला? त्यांनी सांगितले की, घटनेचा एक शब्दही न बदलता केवळ कारभाराची रीत बदलून घटनेचा आत्मा मारता येतो. घटनेविषयीची नीतिमत्ता माणसात उपजत नसते. ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकावयाची आहे. म्हणून तपशील संकेतावर न सोडता लिहून ठेवणे बरे. त्याच भाषणात, घटनेने गाव हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. अलिखित गावघटना ज्यांनी भोगली होती, त्यांच्या वतीने बोललेले ते शब्द आहेत.

तरी सारे लिहिणे त्यांनाही शक्य नव्हते. राष्ट्रपतीला सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, एवढेच ७४ वे कलम सांगत होते; तो सल्ला मानलाच पाहिजे, हे संकेतावर सोडलेले होते. ते १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने लिहिले गेले, आणि सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने दिली. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठतम न्यायाधीशाला सरन्यायाधीश करावे, हाही संकेतच. १९७३ साली तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून तो मोडला गेला. १९७७ साली न्या. एच. आर. खन्ना यांना डावलून पुन्हा मोडला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आणीबाणीत नागरिकांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने एकट्याने निकाल दिला होता. दोन्ही वेळा कोणत्याही कलमाचा भंग झाला नाही. तरी देशाला घाव बसला. एकदा मोडले ते दुसऱ्यांदा मोडणे सोपे गेले, हे येथे ध्यानात घ्या.

आणि आता आपल्या घराकडे येऊ. कारण दूरच्या राजाविषयी आणि सरन्यायाधीशांविषयी एवढे बोललो, ते आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचावे म्हणूनच.

माझ्या ऐकण्यातील एक हकीकत सांगतो. धर्मांतरानंतरच्या वर्षांत एका खेड्यातील आपल्या मंडळींनी मेलेली ढोरे ओढण्याचे बंद केले. चार महिने कोणी काही बोलले नाही. मग एके दिवशी एका मोठ्या शेतकऱ्याचा बैल मेला. तो धमकी द्यावयास आला नाही. हात जोडून आला. म्हणाला, "पाऊस तोंडावर आहे, बैल कुजेल. एवढ्या वेळी एकदाच ओढून द्या. पुढे मी म्हणणार नाही." तरुण मंडळी विरघळली. पण वस्तीतील एक निरक्षर म्हातारा आडवा आला. तो म्हणाला, "एकदा ओढला तर दुसऱ्या वेळी हा म्हणेल, मागं ओढला होता ना!" त्यांनी त्या शेतकऱ्याला खड्डा खणू लागण्याची तयारी दाखविली, परंतु एका अटीवर: त्याच्या घरच्या माणसांनीही सोबत फावडे धरावे. शेजाऱ्याची मदत म्हणून येऊ, गावचे चाकर म्हणून येणार नाही. त्या म्हाताऱ्याने जेनिंग्जचे नावही ऐकले नव्हते. पण पहिल्या दोन प्रश्नांचे मर्म त्याला पुरते उमगले होते. आपण जे एकदा करतो, ते उदाहरण होते. बांधील म्हणून करतो, तेव्हा नियम होतो.

तो म्हातारा ज्याच्या विरुद्ध उभा राहिला, त्या बहिष्काराला आज महाराष्ट्रात उत्तर आहे. सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा २०१६ चा कायदा २०१७ पासून अमलात आहे. परंतु महाडचा धडा विसरू नका. तक्रार लिहून देणारा कोणी नसेल, तर तो कायदाही ३७१ व्या कलमासारखा निजून राहील.

शेजाऱ्याचे "एकदाच" आपल्याला ओळखू येते. आपल्याच माणसांचे "एकदाच" ओळखणे अधिक कठीण. लग्न ठरते. मुलीकडचे म्हणतात, आम्हाला काही नको. मग कोणी काका म्हणतो, "एकदाच आहे लग्न, मुलाला गाडी तरी द्या." कोणी मावशी म्हणते, "एकदाच मुहूर्त पाहून घ्या, मनाची शांती." बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेल्या असतात, आणि त्यांच्याखाली नवी अलिखित घटना लिहिली जात असते. दहा घरांनी गाडी दिली की अकराव्या घरचा बाप कर्ज काढतो. त्याला कोणी हुकूम केलेला नसतो. त्याला दहा उदाहरणांनी बांधलेले असते.

लग्नाविषयी कायद्याचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याला थेट लागू आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. तो म्हणतो, विवाह वर किंवा वधू यांपैकी एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे व्हावा. आणि रूढी म्हणजे दीर्घकाळ, सतत आणि एकसारखी पाळली गेलेली रीत. ज्याने काल दीक्षा घेतली, त्याची दीर्घकाळची रीत कोणती? नव्या बौद्ध कुटुंबांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ज्यांनी १९५६ पासून एका विधीने लग्ने लावली, त्यांनी आपल्या आचरणाने तयार केले. महाडच्या वादींना जी गोष्ट दाखविता आली नाही, ती आपणांस आपल्या रीतीबाबत दाखविता आली पाहिजे: ती एकसारखी आहे, ती सतत पाळली जाते, आणि तिच्यामागे कारण आहे. म्हणून एका गावी एक विधी आणि दुसऱ्या गावी दुसरा, असे करू नका. विधी पूर्ण करा, साक्षीदारांच्या सह्या घ्या, छायाचित्रे जपा आणि विवाहाची नोंदणी करा. केवळ नोंदणीवरही विसंबू नका. या कायद्याखाली विधीवाचून नुसत्या प्रमाणपत्राने विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. ज्यांना विधीचा प्रश्नच नको असेल, त्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग मोकळा आहे.

मग चांगला नियम कसा जन्मास येतो? याचे उदाहरण तथागतांच्या संघात आहे. विनयाचे नियम कोणी एके दिवशी बसून लिहिले नाहीत. प्रसंग घडला, त्यातून दुःख किंवा तक्रार उत्पन्न झाली, आणि तेव्हा नियम झाला. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली, तेव्हा वृद्ध शुद्धोदन भगवंतांकडे आला. मुलगा गेला तेव्हा दुःख झाले होते, नातू गेला तेव्हा ते सोसवेना, असे त्याने सांगितले. यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असे त्याने मागितले, आणि तसा नियम झाला. विनयात नियमासोबत त्याची ही कथाही जपलेली आहे. म्हणजे नियम विचारला की त्याचे कारणही सांगता येते. गावच्या रूढीत आणि विनयात जो फरक आहे, तो हाच.

हे नियम कित्येक शतके लिहिलेले नव्हते. लंकेत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ते ग्रंथबद्ध झाले, असे परंपरा सांगते. तोपर्यंत ते टिकले कसे? दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी भिक्षू एकत्र बसून पातिमोक्खाचे पठन करीत, आणि चुकलेला आपली चूक कबूल करी. संघाचे निर्णयही ठरलेल्या रीतीने होत. प्रस्ताव मांडावयाचा, त्याला ञत्ति म्हणत. महत्त्वाच्या कामी तो तीनदा पुकारावयाचा. मतभेद झाल्यास शलाका वाटून मते मोजावयाची. घटना समितीतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी याच रीतीचा दाखला देऊन सांगितले की, लोकसभेची कार्यपद्धती या भूमीला परकी नाही.

परंतु संघालाही अलिखिताची अडचण भोगावी लागली. आपल्यामागे संघाला वाटल्यास बारीकसारीक नियम सोडून द्यावेत, असे भगवंतांनी आनंदाला सांगितले होते. बारीकसारीक कोणते, हे आनंदाने विचारले नाही. राजगृहाच्या संगीतीत त्यावरून मतभेद झाले, आणि अखेर कोणताच नियम सोडू नये असे ठरले. वेळच्या वेळी विचारून, स्पष्ट करून ठेवले नाही, तर पुढच्यांच्या माथी वाद येतो, हा त्याचा अर्थ.

भगिनींनो आणि बंधूंनो, आता त्या मुलाला काय सांगावे? मी सांगेन: बाळ, नियम आकाशातून येत नाही. कोणी तरी प्रथम तसे वागतो, दुसरा त्याचे उदाहरण घेतो, तिसरा स्वतःला बांधलेला समजतो, आणि चौथा त्याला अनादि म्हणू लागतो. इंग्लंडात असेच होते, नागपुरात असेच होते, आणि तुझ्या घरातही असेच होते. फरक पडतो तो एवढ्यानेच की, कोणी मध्येच उठून कारण विचारतो की नाही. तू विचारलेस, हे चांगले केलेस.

आणि आपणा सर्वांना माझे एवढेच मागणे आहे. आपल्या विहारात एक वही ठेवा. लग्न कसे लावावयाचे, नामकरण कसे करावयाचे, मयतीत कोणता खर्च करावयाचा नाही, हुंडा घेणाऱ्याच्या लग्नास जावयाचे की नाही, हे सभेत स्त्री-पुरुषांनी मिळून ठरवा आणि त्या वहीत लिहा. प्रत्येक ठरावाखाली त्याचे कारण लिहा. वर्षातून एकदा ती वही सर्वांसमोर वाचा. ज्या ठरावाचे कारण उरले नसेल, तो काढून टाका. आणि कोणी "एकदाच" म्हणत दाराशी आला, तर त्याला आत घेण्यापूर्वी ती वही उघडा.

जय भीम.